फाटकाबाहेरचे मामा

सहामाही परीक्षेचा इतिहासाचा पेपर सुरू होता. नववी 'ब'च्या वर्गावर माझं सुपरव्हिजन होतं. पेपर वाटून अर्धा तास झाला असेल, पर्समधला फोन थरथरला. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा थरथरला, पुन्हा... शेवटी खिडकीकडे तोंड करून मी पाहिलं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून माझ्या मामेबहिणीचा, वैशालीचा मेसेज होता. 'बाबा गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत.' मी फोन परत ठेवला. पहिल्या बाकावरच्या मुलीला पुरवणी हवी होती, ती दिली, तिच्यावर सही केली. दोन मुलं एकमेकांकडे बघत होती, त्यांना दटावलं. घंटा झाल्यावर उत्तरपत्रिका गोळा करून ऑफिसात दिल्या. तिथं कोणीतरी विचारलं, "मॅडम, चेहरा काहून उतरला?" मी म्हटलं, "मामा वारले." "सख्खे?" "सख्खे." "मग थांबून काय राहिल्या, जा ना!" आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं नाही, हे वाक्य म्हणायची मला इतक्या वर्षांची सवय, की ते जिभेवर आलंच होतं. पण ते आता खरं नव्हतं. आणि जायला भंडाऱ्यात कुठलं घरही नव्हतं.

याला दीड महिना झाला. तेव्हापासून मी एका जागी धड बसलेली नाही. भांडी घासायला घेते आणि अर्धी टाकून अंगणात येते. शाळेतून निघाले की घराकडे न वळता वैनगंगेच्या पुलाकडे चालू लागते आणि अर्ध्या वाटेतून परत फिरते. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण हे तसं नाही. शेगडीवर काहीतरी ठेवून बाहेर पडल्यासारखं आहे... काय ठेवलं ते आठवत नाही आणि जीव मात्र घराकडे ओढतो. म्हणून लिहायला बसले. मामा असते तर म्हणाले असते, "लिहायचं तं पहिलेपासून लिही. मधूनच सुरू केलेला इतिहास मी तपासत नाही."

तर पहिलेपासून. माझे मामा मनोहर. भंडाऱ्यातल्या दोन पिढ्या त्यांना मनोहर सर म्हणून ओळखतात. मूळ गाव साकोलीकडचं एकोडी, घरची धानाची शेती, भातखाचरांना, म्हणजे आमच्याकडच्या बांध्यांना, पाणी गावतलावाचं. घरातून शिकून बाहेर पडलेले ते पहिले. भंडाऱ्याच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. मोडी अक्षर त्यांना छापल्यासारखं वाचता येई, त्यामुळे जमिनीचे जुने कागद घेऊन माणसं त्यांच्या दारात बसलेली असत. नोकरी लागल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे धाकट्या बहिणीला, माझ्या आईला, शांताला, एकोडीहून भंडाऱ्याला आणलं आणि नर्सिंगला घातलं. आजोबांचा विरोध होता. मामांनी ऐकलं नाही. आई सांगायची, भाऊ सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून पहिल्या दिवशी हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडायला आला होता आणि ती आत जाईपर्यंत घंटी वाजवत उभा होता.

त्याच हॉस्पिटलात माझे बाबा, सुधाकर, रक्ततपासणीच्या खोलीत काम करत. आमचं घर ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट; पणजोबांच्या वेळेपासून भंडाऱ्यात. आईने बाबांशी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. आजोबा आईला काही बोलले नाहीत. बोलले ते मामांना. "तूच नेलं तिले भंडाऱ्याले." आणि देवापुढे हात ठेवायला लावून म्हणाले, "तिच्या घरी नाई, तिच्या मातीले नाई. पाय टाकशील तं मले खांदा देऊ नोको." मामांनी हात ठेवला. हे मला पुढे कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं, की बाजाराच्या रस्त्यावर एक उंच, चष्मेवाले सर सायकलवरून समोरून येतात, आईला पाहून सायकल हळू करतात, आणि आई माझा हात जरा घट्ट धरते.

मी सातवीत असताना आई काविळीनं गेली. तेहतीस वर्षांची होती. गावाबाहेरच्या आमच्या कबरस्तानात तिला नेलं. त्या दिवशी लोखंडी फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, मामा सायकल धरून उभे होते. पांढरा सदरा, उन्हात डोक्यावर काही नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, माती झाली, लोक एकेक करून बाहेर पडले. आम्ही फाटकापाशी आलो तेव्हा बाबा त्यांच्याकडे बघून थांबले. मामांनी मान खाली घातली, सायकल वळवली आणि पायीच निघाले. सायकल हातात असून पायी. मी बाबांना म्हटलं, "ते कोण आहेत ते मले माहीत आहे. मी त्यांना कधीच मामा म्हणणार नाही." बाबा म्हणाले, "बरं."

आणि नाहीच म्हटलं. आजोबा त्यानंतर तीन वर्षांनी वारले. तेव्हा शपथ संपली असं मला वाटलं होतं. चार-सहा महिने दारात सायकल वाजली की मी उठून बघायची. ते आले नाहीत. एवढ्याशा भंडाऱ्यात आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना टाळून राहिलो. मी दुसऱ्या शाळेत शिकले, पुढे तिसऱ्याच शाळेत शिकवायला लागले. त्यांच्याकडून यायचा तो फक्त तांदूळ. दरवर्षी धानाची मळणी झाली की साकोलीच्या एसटीने बाबांच्या नावाचं एक पोतं यायचं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. बाबा ते स्टँडवरून ऑटोत घालून आणायचे. मी पहिल्या वर्षी भाताला हात लावला नाही. बाबांनी ताट पुढे सरकवलं. "तुझ्या आईच्या बांधीतला आहे, तिनं रोवणं केलेल्या बांधीतला. खा." मी खाल्ला, पण रागानं खाल्ला, आणि मोठी झाल्यावरही रागानंच शिजवला.

बाबा गेले तेव्हाही मामा आले नाहीत. त्यांचं स्वतःचं तेव्हा बिनसलेलं होतं. मामी आजारी होत्या, पुढे त्याही गेल्या, आणि वैशाली मामांना घेऊन ॲडलेडला गेली. ती तिथं इंजिनिअर आहे. मला हे एकोडीच्या एका चुलतमामांकडून कळलं. मनात आलं, चला, आता बाजारात डोळे चुकवायला नकोत.

मग सहा वर्षांपूर्वी एका रविवारी उपासनेहून परत आले, तर अनोळखी परदेशी नंबरवरून मराठीत मेसेज. 'नीली, मी मनोहर. बाप्तिस्म्याच्या वेळेस लेकराचे जे गॉडपेरेंट होतात त्यायले तुमच्यात मराठीत काय म्हणतात?' बस, एवढंच. चौतीस वर्षांनी. ना कशी आहेस, ना काही. मी फोन उपडा ठेवला. संध्याकाळपर्यंत तो शब्द डोक्यात फिरत राहिला. शेवटी एकाच शब्दात उत्तर दिलं, 'धर्ममायबाप.' लगेच परत आलं, 'बरं झालं. आभारी आहे.' दुसऱ्या आठवड्यात दुसरा प्रश्न. तिसऱ्या आठवड्यात तिसरा. मी चिडून विचारलं, तुम्हाला या वयात चर्चचं काय काम पडलं? तर त्यांनी पानभर लिहून पाठवलं.

वैशालीच्या घराजवळ एक चढाचा रस्ता होता. रस्त्याच्या वरच्या टोकाला कॅथलिक चर्च, आयरिश मजुरांनी दगड घडवून बांधलेलं. खालच्या टोकाला अँग्लिकन चर्च, म्हणजे इंग्लंडच्या पंथाचं. गिरणीमालक, वकील, सरकारी माणसं तिथली. मामा सकाळी फिरायला निघत ते या दोन टोकांमध्ये. एकदा पावसात वरच्या चर्चच्या ऑफिसात थांबले. तिथं मॉरीन नावाच्या ऐंशीच्या बाई छत गळून भिजलेल्या जुन्या वह्या उन्हाऐवजी हीटरसमोर वाळवत बसल्या होत्या. मामांनी एक वही उचलून सहज वाचून दाखवली. मॉरीनबाई बघतच राहिल्या. 'इथल्या पोरायले जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचताच येत नाही,' मामांनी मला लिहिलं, 'मोडीपुढं हे काय हाये?' त्यांना रोज यायचं आमंत्रण मिळालं. पुढे खालच्या चर्चनेही बोलावलं. दोन्हीकडची माणसं आता थोडी उरली होती, दोघांना मिळून एक हॉल वापरायचा होता, आणि त्या निमित्ताने रस्त्याचा एकत्र इतिहास छापायचं ठरत होतं. पण लिहिणार कोण? कॅथलिकाने लिहिलं तर अँग्लिकनांना पटणार नाही, आणि उलटही तेच. 'मंग मी सापडलो. मी कोनाचाच नोहो.'

मग मला त्या रस्त्याचा इतिहास हप्त्याहप्त्याने यायला लागला. त्या प्रांतात कायद्याने सगळे पंथ सारखे होते, असं मामा लिहीत, पण कायदा रस्त्यावर फिरायला येत नाही. वरच्या शाळेची पोरं खालच्या शाळेच्या पोरांना चिडवणारी गाणी म्हणत आणि खालची पोरं दगडांनी उत्तर देत. गिरणीत कामाला लावताना चर्च कोणतं ते आधी विचारत. कॅथलिक शाळा एकदा जळाली, तर अँग्लिकनांनी आपला हॉल रिकामा असून दिला नाही; सभेच्या वहीत ठराव होता. आणि कॅथलिक मुलीने अँग्लिकन मुलाशी लग्न करायचं म्हटलं, तर तिचं लग्न वेदीपुढे लावत नसत. वेदीमागच्या, कपडे-भांडी ठेवायच्या खोलीत उरकत. फुलं नाहीत, पेटीचे सूर नाहीत. मी हे वाचायची, उत्तरं द्यायची, आणि आतून धुमसायची. सात समुद्रापलीकडच्या मेलेल्या माणसांची भांडणं हा माणूस भिंग लावून सोडवतोय, आणि... पण मी काही लिहीत नव्हते. तेही नव्हते लिहीत.

एकदा तीन आठवडे काहीच आलं नाही. मला राग यायला हवा होता, पण काळजी वाटली, आणि काळजी वाटल्याचा राग आला. मग एक फोटो आला. जुन्या वहीचं पान, खाली मामांच्या अक्षरात मराठी भाषांतर. कॅथलिक फादरांच्या रोजनिशीतली नोंद होती. नोरा नावाची मुलगी. तिने मागच्या खोलीत लग्न करायला नकार दिला होता, सरळ खालच्या चर्चमध्ये जाऊन वेदीपुढे लग्न केलं होतं. बाळंतपणानंतर वर्षभरात ती वारली. अंत्यविधी अर्थातच खालच्या चर्चमध्ये. कॅथलिकांना दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये पाऊल टाकायची तेव्हा बंदी होती. फादरांनी लिहिलं होतं, की तिचा भाऊ आणि शेजारचे काहीजण विधी संपेपर्यंत पावसात, हॅट हातात धरून, बाहेर फुटपाथवर उभे होते. 'मी तशी सूचना दिली होती,' असं शेवटचं वाक्य.

फोटोसोबत मामांचा स्वतःचा एक शब्दही नव्हता. मी ते पान किती वेळा वाचलं मला माहीत नाही. चहा ठेवला, तो उतू गेला. मग मी लिहिलं, 'तिला मुलगी होती का?' दोन दिवसांनी उत्तर आलं. होती. खालच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत नाव होतं, एडिथ. मी विचारलं, 'तिचं पुढे काय झालं?' मामा त्यामागे लागले. महिनाभराने कळवलं, की एडिथ पुष्कळ जगली, त्याच रस्त्यावर मधोमध राहिली, पियानोच्या शिकवण्या घेत होती. तिच्या यादीत वरच्या शाळेचं एकही मूल नव्हतं. ते कोणी पाठवत नव्हतं की ती घेत नव्हती, हे वहीत नव्हतं. मी म्हटलं, 'ती घेत नसेल.' मामांनी लिहिलं, 'मलेही तसंच वाटते.'

ती नोंद छापायची की नाही यावर दोन्ही चर्चांची सभा बसली. वरच्यांना नको होती. नोराच्या भावाची पतवंडं अजून तिथंच होती. (म्हणून त्या वस्तीचं नाव मीही लिहीत नाही.) खालच्यांनीही नको म्हटलं, कारण ती छापली तर हॉलचा ठरावही छापावा लागला असता. मामांचा फोन आला, पहिल्यांदाच फोन. आवाज म्हातारा झाला होता, पण वर्गातला होता. "शंभर वर्षं भांडले, नीली, आन एक झाले कायच्यावर? तं झाकून ठेवायच्यावर! मले सांग, छापाव का नाई?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"छापाव. इतिहास हाये तो."

मी गच्चीवर उभी होते. हातात वाळत घालायचा ओला टॉवेल होता. मी म्हटलं, "दुसऱ्याचं छापायचं तर आधी स्वतःचं सांगा. तुम्ही कुठं उभे होते ते सांगा त्यांना."

ते म्हणाले, "सांगाव लागन," आणि फोन ठेवला.

पुढचं मला वैशालीने सांगितलं. दुसऱ्या सभेला ती मामांना गाडीने सोडायला गेली होती आणि मागे खुर्चीवर बसली होती. पंधरा-वीस म्हातारी माणसं, मधोमध बिस्किटांची ताटली. मामा उठले आणि त्यांच्या भंडाऱ्याच्या इंग्रजीत म्हणाले, की नोराच्या भावाबद्दल तुम्हाला लाज वाटते ते मला कळतं, कारण मी तो आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. बहिणीला सायकलवर नेलं ते, शपथेवर हात ठेवला ते, फाटक, ऊन, सगळं. वडील वारल्यावर शपथ संपली होती, तरी मी गेलो नाही, कारण तिच्या मुलीने 'तेव्हा का नाही आलात' असं विचारलं असतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, असंही म्हणाले. "मला आत्या होती एवढंच माहीत होतं," वैशाली म्हणाली. "ती कशी गेली आणि बाबा कुठं उभे होते, ते मला त्या दिवशी इंग्रजीत कळलं." मग खालच्या चर्चच्या एका आजोबांनी हात वर करून म्हटलं, आमचा हॉलचा ठरावही घ्या. मॉरीनबाई म्हणाल्या, आमचं पान आधी.

वैशालीला वाटलं मी खूश होईन. मी झाले नाही. मला सांगायच्या आधी त्यांनी ते परक्यांना सांगितलं, हेच मला कितीतरी दिवस टोचत राहिलं. सांगायला मीच लावलं होतं, तरीही.

या जानेवारीत मामा भंडाऱ्याला आले. वैशाली सोबत होती. एकोडीला चार दिवस राहून ते आले, काठी टेकत. धान कधीच निघालं होतं, बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य निळं फुललं होतं, त्याचंच बोलत होते ऑटोत. कबरस्तानाच्या फाटकापाशी उतरलो. वैशाली ऑटोवाल्याशी बोलत मागे राहिली. मामा फाटकाच्या अलीकडे थांबले आणि मला विचारलं, "मी येऊ का आत?"

इथं मला खरं लिहायला हवं. मी म्हटलं, "थांबा." आणि एकटी आत गेले. आईच्या कबरीवरचा पालापाचोळा काढला. खरं तर काढण्यासारखा फारसा नव्हता, आठवड्यापूर्वीच मी काढला होता. तरी काढत बसले. मागे वळून पाहिलं नाही. ते उन्हात उभे आहेत हे मला माहीत होतं, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि मी मुद्दाम वेळ लावत होते. किती वेळ? दहा मिनिटं असतील, जास्त असतील. मग माझ्याच हाताकडे माझं लक्ष गेलं. मी नुसती माती इकडची तिकडे करत होते. मी उठले, फाटकापाशी आले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. तक्रार नाही, काही नाही. जोडे काढायला वाकले तेव्हा तोल जाऊ लागला, मी दंड धरला. "इथं जोडे घालून चालतं, मामा," मी म्हटलं. ते तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "असू दे. मले नाई चालत."

ते अनवाणी आले. खिशातून रुमालात बांधलेल्या धानाच्या लोंब्या काढल्या, आईच्या बांधीतल्या, आणि दगडावर ठेवल्या. "शांते, मले लय उशीर झाला वो." एवढंच बोलले. नंतर घरी माझ्या हातचा भात जेवले, दुसऱ्यांदा मागून. वैशालीने आईचे फोटो पाहिले. मामा खुर्चीत बसून, 'ही हसली की अशीच डोळे मिटे,' असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्या उन्हातल्या दहा मिनिटांबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. पुढच्या हिवाळ्यात मागू असं वाटलं होतं.

ॲडलेडचा अंत्यविधी मी फोनवर पाहिला. वैशालीने मंत्र म्हणवून घेतले. पहिल्या रांगेत वरच्या चर्चचे फादर आणि खालच्या चर्चच्या पाळकबाई शेजारी शेजारी बसले होते. मॉरीनबाई बोलायला उठल्या, दोन वाक्यं बोलल्या आणि खाली बसल्या. पुस्तिका छापून आली आहे. नोराचं पान आहे, हॉलचा ठरावही आहे. दोन्ही चर्चच्या दारात ठेवली आहे म्हणे.

पण मला ज्यानं बसू दिलं नाही ते हे नव्हे. मामांचा शेवटचा मेसेज सप्टेंबरमधला होता. 'नीली, तिथं फाटकाबाहेर उभा होतो तेव्हा आतून गाण्याचा आवाज येत होता. लय मोठ्यानं म्हणत होते सारे. शब्द समजले नाही. कोनतं गीत होतं ते? जानेवारीत विचाराचं होतं, हिंमत नाई झाली.' मला आठवत नव्हतं. चर्चच्या मंडळीतल्या जुन्या लोकांना विचारून सांगते, असं मनात ठरवलं आणि उत्तर दिलं नाही. मग गणपती-दसरा, मग परीक्षा. मी विचारलंच नाही.

परवा गेले. त्या वेळच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, मार्थाबाई, नव्वदीला आल्या आहेत, मुलाकडे राहतात. ऐकू कमी येतं. मी कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "माझ्या आईच्या मातीला कोणतं गीत म्हटलं होतं?" त्या डोळे मिटून आठवू लागल्या.

"गीत नाही आठवत बाई," त्या म्हणाल्या. "पण म्हणायला कोणाच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. एवढी जवान पोरगी... मग तुझे बाबा आमच्या साहेबांच्या जवळ आले. म्हणाले, हिचा भाऊ फाटकाबाहेर उभा आहे, त्याला आत यायला जमत नाही. जरा मोठ्यानं म्हणा, त्याच्यापर्यंत जाऊ द्या. मग म्हटलं आम्ही. गळे फाटेस्तोवर म्हटलं."

मी ऑटो न करता चालत घरी आले. वाटेतच, पितळी भांड्यांच्या दुकानांसमोर उभी राहून वैशालीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, ती कामावरून निघून गाडीत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, मार्थाबाई जशा बोलल्या तसं. मागे कोणीतरी ठोकून घागर नीट करत होतं, त्या आवाजात मला तिचं काही ऐकू येईना. मी फोन कानाशी दाबून धरला. ती म्हणत होती, "परत सांग."

मी परत सांगितलं.